पुतळ्याच्या हातातली सुरी

उत्तर समुद्राच्या काठावरच्या एका मच्छीमार गावात आम्ही हॅनोव्हरहून दर उन्हाळ्यात जातो. गावाचं छोटं म्युझियम आहे. आत होड्या, जाळी, वादळांत गेलेल्या पुरुषांची यादी, आणि कोपऱ्यात करंदी सोलत बसलेली एक बाई, प्लास्टरची. तिच्या हातात सुरी.

मी कोळ्यांची मुलगी. ते बघितलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. करंदीसारखी बारीक कोळंबी सुरीनं कोण सोलतं हो? दोन बोटांत धरायची, पिळायची, ओढायची, झालं. टोपली सोलून संपल्याशिवाय आईनं मला दप्तराला हात लावू दिला नाही कधी.

आम्ही जिच्याकडे उतरतो त्या म्हातारीला मी ओमा म्हणते, म्हणजे आजी. ती तर पुतळा बसवल्यापासून वर्षभर धुमसत होती. तिचं सगळं आयुष्य करंदी सोलण्यात गेलं. बोटी धक्क्याला लागल्या की घरोघरी बादल्या यायच्या, आणि स्वयंपाकघरांत बायका सोलत बसायच्या. मग स्वच्छतेचा नियम आला, घरी सोलायचं नाही. आता करंदी ट्रकनं मोरोक्कोला जाते आणि तिथल्या बायकांनी सोलली की परत येते.

"माझं नाव नको कुठे," ओमा म्हणाली. "ती सुरी तेवढी काढा म्हणावं. पुढच्या महिन्यात मी वृद्धाश्रमात जाणार, त्याच्या आत." तिनं तीन पत्रं लिहिली होती. उत्तर एकच, कमिटी विचार करेल.

कमिटी म्हणजे पाच पुरुष. गावाचा इतिहास लिहायला निघाले, आणि जन्मात एक करंदी सोललेली नाही मेल्यांनी.

मी धक्क्यावरून करंदी घेतली, ओमाला घेतलं आणि म्युझियममध्ये अध्यक्षांच्या टेबलावर पिशवी रिकामी केली. "ही घ्या सुरी. सोलून दाखवा एक." त्यांनी करंदीचा लगदा केला. तोवर ओमानं न बघता वीस सोलल्या. हात पुसत अध्यक्ष म्हणाले, "ते ठीक, पण सुरी दिसायला छान दिसते."

माझं डोकंच फिरलं. सरळ गेले आणि पुतळ्याच्या मुठीतून सुरी उपसली. पण ती मूठ सुरीसाठीच घडवलेली. बोटं तशीच आखडलेली राहिली, रिकामी. रागानं मला रडूच आलं.

ओमा पुढे झाली. तिनं आपला हात त्या हाताशेजारी धरला. तिचीही बोटं तशीच आखडलेली, कितीतरी वर्षांत सरळ न झालेली.

"राहू दे," ती म्हणाली. "आता बरोबर आहे."