दर चार तासांनी दोन

आनंदीबाईंना त्यांच्या नावाने हाक मारणारं देवबागात कोणी उरलं नव्हतं. शाळेतली मुलं बाई म्हणत आणि बाकी सगळा गाव अक्का. आईवडील वर्षभराच्या अंतराने गेले तेव्हा त्या नुकत्या मास्तरीण झाल्या होत्या आणि धाकटा भाऊ काशिनाथ नऊ वर्षांचा होता. त्याला शिकवायचं, वाढवायचं यात त्यांचं लग्न राहून गेलं. त्याचं त्यांनी कधी कोणाजवळ रडगाणं गायलं नाही. काशिनाथ मोठा होऊन बोटीवर कुक म्हणून लागला, कट्टा गावच्या शेतकरी घरातली सीता त्याची बायको म्हणून घरात आली, आणि अक्कांना वाटलं, आता आपलं काम संपलं.

जानेवारी एकोणनव्वदमध्ये काशिनाथ घरी आला तो दोन माणसांच्या आधाराने एस्टीतून उतरला. अंगावरचा कोट खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. इंग्लंडच्या एका बंदरात त्याला न्यूमोनिया झाला, दीड महिना तो इस्पितळात होता, एवढंच गावाला कळलं. गावाने शहाळी आणून दिली, तब्येतीची चौकशी केली आणि आपापल्या कामाला लागला.

पण ट्रंकेच्या तळाशी औषधाच्या बाटल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर तिथल्या डॉक्टरचं चार पानी पत्र. काशिनाथने ते अक्कांच्या हातात दिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. अक्कांनी डिक्शनरी घेऊन ते दोनदा वाचलं. आजाराचं नाव वाचायला मात्र डिक्शनरी लागली नाही. ते पेपरात येऊन गेलं होतं.

"सीताक सांगलंस?" त्यांनी विचारलं.

"सांगलंय. इस्पितळातसून पत्रातच कळवलंय." काशिनाथ भिंतीकडे बघतच बोलला. "ती काय्येक बोलली नाय, अक्का. एक शब्द नाय."

पत्रात डॉक्टरने सगळं फोड करून लिहिलं होतं. या औषधाने रोग जात नाही, पण रोखला जातो. दर चार तासांनी दोन कॅप्सूल, दिवसाला सहा वेळा, रात्रीची वेळसुद्धा चुकवायची नाही. मध्येच बंद करायचं नाही, मनाने कमीजास्त करायचं नाही, विचारल्याशिवाय दुसरं कुठलं औषध, अगदी तापाची गोळीसुद्धा घ्यायची नाही. आणि शेवटी, खाली रेघ मारून, हे औषध रक्त कमी करतं. दर पंधरा दिवसांनी रक्त तपासा आणि मला कळवा. तुमचे आकडे बघूनच मी पुढच्या बाटल्या पाठवीन. त्या आणून देणार होता वेंगुर्ल्याचा गंगाराम, काशिनाथबरोबर बोटीवर असलेला.

एका ताटात जेवून, एका पाण्याने, हात लावून हा आजार लागत नाही, हेही त्या पत्रात होतं. अक्कांनी ते वाक्य सीताला मराठीत वाचून दाखवलं. मग त्याच्या पुढचं, नवराबायकोचं जे होतं, तेही वाचलं. वाचताना त्यांचा आवाज वर्गात असतो तसा सपाट झाला. सीता मान खाली घालून तांदूळ निवडत राहिली.

सकाळी सहाला अक्का दिवसभराच्या कॅप्सूल मोजून सहा कागदांत गुंडाळून ठेवत. सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या त्यांच्या समोर घेतल्या जात. बाकीच्या सीता देई. कधी अक्का शाळेत असत, कधी झोपलेल्या.

रक्ताचं अवघड होतं. मालवणात दाजींची छोटी लॅबोरेटरी होती. दाजी साठीचे, तोंडाने फटकळ, हाताने हलके. पहिल्या वेळी काशिनाथने बाही वर केली, दाजींनी सुई उचलली, आणि अक्कांना तिचं टोक दिसलं. बोललं तर अर्ध्या दिवसात मालवणभर होणार. न बोललं तर या म्हाताऱ्याच्या बोटाला चुकून सुई लागली तर?

"दाजी, जरा थांबा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी त्या आजाराचं नाव घेतलं.

दाजींनी सुई खाली ठेवली. काशिनाथकडे एकदा पाहिलं. मग उठले आणि त्यांनी दार आतून लावून घेतलं.

"सांगलात तां बरां केल्यात बाई," ते म्हणाले. "आता ह्येची सुई वेगळी. उकळणां वेगळां. आणि तुमी येवचा ता बुधवारी दुपारी, माझी बाकीची माणसां गेल्यावर."

दाजी कोणाजवळ बोलले नाहीत. फेब्रुवारीत काशिनाथचं हिमोग्लोबिन अकरावरून साडेनवावर आलं. अक्कांनी आकडा इंग्लंडला कळवला. उत्तर आलं, चालू ठेवा, आठाच्या खाली गेलं तर लगेच कळवा. त्याच महिन्यात पेपरात बातमी आली की गोव्यात या आजाराच्या एका माणसाला पोलिसांनी नेऊन कोंडून ठेवलं आहे. अक्कांनी तो पेपर चुलीत घातला. पण गोवा काही लांब नव्हता, आणि त्या दिवसापासून दारात अनोळखी माणूस दिसला की त्यांच्या हातातलं काम थांबे.

मार्चमध्ये आकडा वर गेला. साडेदहा. मग जवळजवळ अकरा. अक्कांना इतका आनंद झाला की त्यांनी येताना बाजारातून सुरमई आणली. पण काशिनाथ ती खाऊ शकला नाही. त्याच्या तोंडात पांढरा थर चढला होता, तिसऱ्या प्रहरी अंग तापत होतं. रक्त सुधारतंय आणि माणूस खंगतोय, हे कोडं अक्कांना सुटेना. कॅप्सूल त्यांनी पुन्हा मोजल्या. हिशोब चोख होता, एक इकडची तिकडे नव्हती.

आणि मग सीता. विहिरीवरून कळशी आणताना ती दोनदा टेकायला लागली. ओठ पांढरे पडले होते. एका सकाळी ती अंगणातच खाली बसली आणि तिला उठवेना. अक्कांनी तिचा हात धरला तर नखं पांढरीफटक.

लागण झाली, अक्कांच्या मनात आलं. झाली हिलापण.

बुधवारी त्यांनी सीताला दाजींकडे नेलं. दाजींनी काचेची नळी उजेडात धरली, पुन्हा धरली, आणि म्हणाले, "साडेसहा. बाई, ह्यां चेडू उभां कसां रवलां ह्यांच माका कळणा नाय."

परतताना सीता अक्कांच्या खांद्यावर मान टाकून पेंगत होती, आणि अक्का एस्टीच्या खिडकीतून सुरूची झाडं बघत होत्या. साडेसहा. भावाचं अकरा. भाऊ ज्या औषधाने रक्त कमी होतं ते औषध घेतो आणि त्याचं रक्त वाढतं. ही काहीच घेत नाही आणि हिचं...

त्यांनी सीताकडे वळून पाहिलं. कॅप्सूलचा हिशोब चोख होता, कारण कॅप्सूल घेतल्या जातच होत्या. त्या कोण घेत होतं, हे त्यांनी मोजलं नव्हतं.

घरात पाऊल टाकताच त्यांनी काशिनाथला विचारलं, "अर्धी औषधां तू हिका देतंस?"

काशिनाथ खाटेवर उठून बसला. सीताने खांबाला धरलं.

"खरां सांग माका!" अक्का ओरडल्या. त्या घरात कधी ओरडत नसत.

"देतंय," काशिनाथ म्हणाला. "तू समोर नसतंस तेव्हा. एक मी, एक ती. मी हिका ही कीड दिली असली तर निदान औषध तरी दिऊक नको? मी अर्ध्यान जगान. तिका कायेक नको होवक."

"आणि तू?" अक्का सीताकडे वळल्या. "तू घेतलंस?"

सीताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज शांत होता. "अक्कानू, ह्यांनी हात जोडल्यानी माझ्यापुढे. मी घेतलंय नाय तर ते आपलीव घेणत नाय म्हणालेत. मगे मी काय करतलंय?"

अक्का दारातच खाली बसल्या. राग कोणावर काढायचा ते कळेना. ते पत्र त्यांनीच वाचून दाखवलं होतं. एकाचं औषध दुसऱ्याने घ्यायचं नाही, हे त्यात वेगळं लिहिलं नव्हतं, आणि त्यांनाही सांगावंसं सुचलं नव्हतं. हिला लागण झाली का, हे तपासायची हिंमत तिघांपैकी एकालाही झाली नव्हती. त्या न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून ही पोरगी दीड महिना विष पचवत होती.

त्या संध्याकाळपासून सीताच्या कॅप्सूल बंद झाल्या. सहाही वेळच्या आता अक्कांच्या समोर घ्यायच्या, असं ठरलं. सकाळी दहाच्या देऊनच त्या शाळेला निघत, आणि दुपारच्या दोनच्या वेळी मुलांना पाढे लिहायला सांगून शाळेतून घरी धावत येत आणि परत जात. हेडमास्तरांना त्यांनी भावाला क्षय आहे असं सांगितलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. कान तापले.

दाजींचा एक विद्यार्थी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात होता. दाजींनी चिठ्ठी दिली. गोव्याला जायचं नाही हे कोणी बोलून दाखवायची गरज नव्हती. एप्रिलच्या सुट्टीत अक्का सीताला घेऊन मुंबईला गेल्या. तिला लागण झाली का ते तपासायला रक्त दिलं आणि दुसऱ्या दिवशी परत फिरल्या. काशिनाथ तेवढे दिवस घड्याळाबरोबर एकटा होता. परत आल्यावर अक्कांनी आधी कॅप्सूलचे कागद मोजले, मग त्याच्या डोळ्यांत पाहिलं. या वेळी दोन्ही हिशोब जुळले.

निकाल दाजींच्या पत्त्यावर येणार होता. एक आठवडा गेला, दुसरा गेला. सीता लोहाच्या गोळ्या घेत होती, लाल भाजी खात होती, पण बोलत नव्हती. काशिनाथ तिच्या नजरेला नजर द्यायचं टाळत होता. सांडलेलं पाणी पुसायलाही तो तिला वाकू देईना, आणि ती पाणी पुसल्याशिवाय राहीना. जेवताना तिघंही एकमेकांच्या ताटांकडे बघत. पोस्टमन बाबू वाळूच्या वाटेने येताना दिसला की तिघांचेही हात थांबत. निकाल त्याच्याकडे येणार नाही, हे माहीत असूनही.

अठराव्या दिवशी दुपारी दाजी आले. मालवणापासून सायकल मारत, सदरा घामाने भिजलेला. अंगणात सायकल आडवी टाकून त्यांनी पाकीट पुढे केलं. ते फोडलेलं नव्हतं.

"माका वाचूचो अधिकार नाय," ते म्हणाले. "तिच्या नावावर आसा."

सीताने पाकीट घेतलं आणि तसंच अक्कांना दिलं. अक्कांनी कडा फाडली. कागदावर छापील ओळी, आणि त्यांच्याखाली टाइप केलेला एकच शब्द. तो त्यांनी मोठ्याने वाचला.

"निगेटिव्ह."

सीताचा चेहरा राखेसारखा झाला होता. "म्हणजे बरां काय वायट?" तिने विचारलं.

"बरां गो!" अक्का म्हणाल्या. "बरां! तुका नाय तो. नाय!"

सीताने कागद घेतला आणि घडी करून पदराच्या गाठीत बांधला. दाजींनी टोपी काढून तोंड पुसलं, घाम की काय ते त्यांचं त्यांना माहीत. काशिनाथ आत निघून गेला. आतून बाटली जमिनीवर आपटल्याचा आवाज आला तशा अक्का धावल्या.

तो बाटली घेऊन बसला होता. झाकण फिरत फिरत कोपऱ्यात गेलं होतं आणि त्याच्या तळहातावर मूठभर कॅप्सूल होत्या. "दीड महिनो मी अर्ध्या घेतलंय," तो म्हणाला. "आता हिच्या वाटणीच्या सगळ्यो माझ्यो. भरून काढतंय. माका जगूचा आसा, अक्का!"

अक्कांनी त्याचं मनगट पकडलं. तो अशक्त होता, पण सोडेना. "चुकल्यो त्यो चुकल्यो," त्या म्हणाल्या. "त्यो भरून काढूच्यो नसतत. एकदम घेतलंस तर हे हाल तुझे होतले, सीताचे झाले तशे. घड्याळ बघ. किती वाजले?"

"सव्वा."

"मगे दोन वाजता दोन. तितक्योच."

त्याची बोटं एक एक करून उघडली. अक्कांनी कॅप्सूल बाटलीत परत टाकल्या, आणि दोन वाजेपर्यंत दोघं भाऊबहीण जमिनीवर तशीच बसून राहिली.

झालं ते सगळं अक्कांनी इंग्लंडला लिहिलं, स्वतःची चूकसुद्धा. उत्तर कडक येईल, औषध बंद होईल, अशी त्यांना धास्ती होती. डॉक्टरने लिहिलं की अर्ध्या मात्रेने औषधाचा जोर थोडा कमी झाला असेल, सांगता येत नाही. यापुढे नेमाने चालू द्या. पत्नीची तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करा. पावसाळ्यानंतर सीताचं रक्त पुन्हा मुंबईला गेलं. पुन्हा तेच उत्तर आलं. या वेळी सीताने पाकीट स्वतः फोडलं. तो इंग्रजी शब्द तिला वाचता येत नव्हता, पण आधीच्या कागदाशेजारी ठेवून तिने अक्षर अक्षर ताडून पाहिलं.

काशिनाथ आणखी दोन वर्षं जगला. त्यातली दीड वर्षं बरी गेली. तो चुलीपाशी बसून बोटीवरचे पदार्थ करून घाली, सीताला हसवी, नारळ सोली. एक्क्याण्णवच्या श्रावणात पुन्हा न्यूमोनिया झाला आणि आठ दिवसांत तो गेला. त्या वेळपर्यंत गावात कुजबूज पोहोचली होती. खांदा द्यायला माणसं कमी पडली, तेव्हा अक्कांनी पदर खोचला आणि पुढे होऊन तिरडीचा दांडा धरला. मग शेजारची मथुरा आली. मग एक एक करून आणखी चार जण आले.

बारावं झाल्यावर सीताचा भाऊ तिला कट्ट्याला न्यायला आला. तिने बोचकं बांधलंही. उंबऱ्यापर्यंत गेली, आणि बोचकं खाली ठेवून म्हणाली, "भाई, तू जा. अक्का शाळेतसून इल्यावर तेंका जेवूक कोण वाढतला?"