विमलताईंचा सहावा स्वाध्याय

विमलताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीत, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये डबा उघडत होते. त्यांचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो, एवढंच म्हणाले, "गेली तुमची ताई. सकाळी आठला. पेन मागत हुती..." आणि फोन ठेवला. शेजारच्या बाईंनी विचारलं, कोण होत्या तुमच्या? आता काय सांगणार! नात्यानं कुणीच नाही. इस्लामपुरात कॉलेजच्या गल्लीत त्यांचं टायपिंगचं दुकान होतं आणि तिथं मी एकदा चोरी करताना सापडले होते. आमचं नातं एवढंच. त्या फोनला आज सहा आठवडे झाले, आणि अजून डबा उघडताना तो ऐकू येतो.

दुकान म्हणजे एक कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, बाइंडिंगचं यंत्र आणि बसायला दोन स्टुलं. बारावीनंतर ताईंचं लग्न झालं आणि शिक्षण तिथंच थांबलं. पण एका दिवसात त्यांच्या हाताखालून सकाळी गांडुळाची पचनसंस्था जायची, दुपारी मराठेशाहीतला महसूल आणि संध्याकाळी बी.एड.च्या मुलींची पाठ टाचणं. बाकीचे टायपिस्ट अक्षरं बघतात, ताई वाचायच्या. मधेच हात थांबवून समोरच्याला धरायच्या, "मागणी वाढली की भाव वाढतो म्हणतूस, मग औंदा हळदीचं तसं का न्हाई झालं रं?" अर्थशास्त्रवाला गडबडायचा. त्याला बिचाऱ्याला फक्त प्रिंट हवी असायची.

दुसऱ्या वर्षाला पर्यावरणाचा प्रकल्प सक्तीचा होता. तो आमच्यात कुणी लिहीत नसे. वरच्या वर्गातल्या मुलीकडून जुनी फाइल आणायची, नाव आणि रोल नंबर बदलायचा आणि ताईंच्या दुकानात टाकायची, ही रीतच होती. मीही टाकली. टाइप करता करता ताई थांबल्या.

"तुजं वडील कवा वारलं गं?"

"वारले? नाही ओ, ते सैन्यात आहेत. जम्मूला."

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवला. ऋणनिर्देशात, माझ्याच नावाखाली, 'माझे कै. वडील यांच्या पुण्यस्मृतीस' असं होतं. जिची फाइल आणली तिचे वडील गेले होते, आणि मी शब्द न शब्द उतरवला होता, एकदाही न वाचता. तिकडे माझा बाप थंडीत पहारा देत उभा, आणि इकडे मी त्याला एका ओळीत संपवून मोकळी! मी तिथंच रडायला लागले. ताईंनी समजूत वगैरे घातली नाही. म्हणाल्या, "आदी वडलांना फोन लाव. मग घरी जा, आन् तुज्या गावात काय हाय त्ये लिवून आण. मगच टायपीन."

गावात काय होतं? चुलत्यांनी उसाला पाणी पाजून पाजून दोन एकर रान क्षारपड केलं होतं. वर पांढरं मीठ फुटलं होतं, पेरलेलं उगवत नव्हतं. मी त्यावर लिहिलं. ताईंनी तीनदा परत पाठवलं. "पानी कुणी सोडलं त्ये लिव की. जमीन आपूआप बिघडती व्हय?" शेवटी धीर करून 'आमच्या घरच्यांनी' असं लिहिलं. अकरा पानं झाली, आणि गुण पडले सगळ्यांत कमी, कारण रंगीत चित्रं नव्हती. नदीचं प्रदूषण जसंच्या तसं उतरवणाऱ्या मुली पुढे गेल्या. मी तणतणत दुकानात गेले. ताईंनी विचारलं, "ती अकरा पानं कुणाची हायेत?" म्हटलं, माझी. "मग झालं की," म्हणाल्या आणि पुढच्याचं टाइप करायला लागल्या. आज मी अर्थशास्त्र शिकवते ते त्या अकरा पानांमुळे. हे त्यांना कधी तोंडानं सांगितलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

अलीकडे दुकानातली गर्दी ओसरली होती. मुलं मोबाईलला विषय सांगतात, मोबाईल दहा पानं काढून देतो, ती नुसती प्रिंटला येतात. ताई तरी वाचायच्याच. "समदं एकाच मानसानं लिवल्यावानी वाटतंय गं," एकदा मला म्हणाल्या, आणि तेव्हाच कळलं की पन्नाशीत त्या स्वतः बाहेरून बी.ए.ला बसल्या आहेत. दोन वर्षं बरी पार पडली, कारण स्वाध्याय टाइप केलेले चालायचे आणि परीक्षेत नुसत्या पर्यायांवर खुणा करायच्या असायच्या. शेवटच्या वर्षाला सहा स्वाध्याय होते, तेही 'स्वहस्ताक्षरात' अशी अट. आता आली का पंचाईत! जन्मभर टाइप केलेल्या बाईला पेन धरवेना. चार ओळींत बोटं आखडायची. तर ही बाई दुरेघी वही आणून पहिलीतल्या पोरासारखी गिरवायला बसली.

त्यातच आजार निघाला. मिरजेला केमो सुरू झाली आणि बोटांची जाणीवच कमी झाली. हातातलं पेन कधी पडलं ते कळायचं नाही. स्वाध्याय जमा करायच्या अभ्यासकेंद्रावरचा कारकून चांगल्या मनानंच म्हणाला, "कुणाकडूनही लिहून आणा, मावशी. सगळे तेच करतात." ताई म्हणाल्या, "मग नाव बी कुणाचंबी घाला की." घरी येऊन त्यांनी पेनाला जुन्या साडीची चिंधी गुंडाळली, म्हणजे धरायला जाड होतं. दिवसाला एक पान, जमेल तेव्हा. कधी अर्धंच. असे पाच स्वाध्याय त्यांनी पुरे केले आणि स्वतः जाऊन जमा केले.

आमची शेवटची भेट दवाखान्यात झाली. सहावा चालू होता. अक्षर ओळ सोडून खाली घसरत होतं, कपाळावर घाम आला होता. मला बघवेना. म्हटलं, ताई, तुम्ही सांगा, मी लिहिते, विचार तुमचाच राहील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू बी?" एवढंच म्हणाल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं... मग म्हणाल्या, "पॅड धर. हलतंय त्ये." मी तासभर पॅड धरून बसले. अर्धं पान झालं.

त्या गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात भाऊ सांगलीला आले. हातात ती फाइल. प्रश्न होता, 'घरकामाला काम मानावे का? चर्चा करा.' साडेतीन पानं लिहिली होती, शेजारच्या पाच घरांतल्या बायकांना विचारून. शेवटची ओळ होती, 'याबाबत माझे स्वतःचे मत असे आहे की' आणि पुढे कागद कोरा.

"एवडं पुरं करा," भाऊ म्हणाले. "तुमी शिकलेल्या. शुक्रवारी मुदत संपती. तिचं ऱ्हायला नगं."

खरं सांगते, मी पेनाचं टोपण काढलं. दोन ओळींचं काम होतं. ताईंना काय म्हणायचं असेल ते मला माहीत आहे, असंही वाटलं. मग लक्षात आलं, आपल्याला नुसतं वाटतंय. टोपण परत लावलं. म्हटलं, भाऊ, आहे असंच देऊ. त्यांनी कागद नीट जुळवून फाइलीत घातले.

शुक्रवारी आम्ही दोघं इस्लामपूरच्या केंद्रावर गेलो. कारकून तोच. अवघडून म्हणाला, "भाऊ, त्या वारल्या ना... आता परीक्षा कोण देणार?"

"परीक्षेचं न्हाई म्हनत मी. ह्ये तिनं लिवलंय. जमा करून घ्या."

त्यानं नाइलाजानं पानं चाळली. शेवटच्या पानावर थांबला. उभ्या उभ्या वाचलं, पान उलटून मागं बघितलं, आणि खाली बसला.

"पुढं काय मत होतं त्यांचं?"

"त्ये तिचं तिला ठावं," भाऊ म्हणाले. "तुमी पोच द्या."

कारकुनानं ड्रॉवर उघडून शिक्का काढला.