साहेबाच्या उजव्या हाताला

आदिलाबादात टेनिस शिकवतो म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, "टेबल टेनिस का?" नाही म्हटलं तर, "मग टेनिस बॉलचं क्रिकेट?" तेही नाही म्हटलं की समोरचा माणूस अशा नजरेनं पाहतो, जसा काही मी बेकार आहे आणि लाजेपायी खोटं बोलून राहिलो. जैनथला आमचे एक काका आहेत. त्यांची पक्की समजूत अशी की मी पिवळे चेंडू विकतो. दर लग्नात मला बाजूला घेऊन विचारतात, "धंदा बरा चालून राह्यला नं बाप्पा?" मी म्हणतो, "बरा हाये." कोण डोकं फोडून घेईल?

घरचं म्हणाल तर वांगी, मिरची, मेथी. बाप भाजी पिकवायचा. मी शिकायला म्हणून आदिलाबादला आलो आणि शिकलो काय, तर बॉल बॅडमिंटन, म्हणजे फुलाऐवजी लोकरीच्या चेंडूचा खेळ. तेलुगू पोरांबरोबर खेळून खेळून हात बसला, पण त्या हाताला नोकरी कोण देणार? कॉलेज संपल्यावर कोणीतरी सांगितलं, साहेब लोकांच्या क्लबात मार्कर पाहिजे. मार्कर म्हणजे पगारी जोडीदार. साहेबाला खेळायला कोणी मिळालं नाही की आपण खेळायचं. त्याआधी कोर्टावर पाणी मारायचं, चुन्याच्या रेघा ओढायच्या, जाळी ताणायची. आणि खेळायला उभं राहिलं की हरायचं.

हरणं मला माझ्या आधीच्या म्हाताऱ्या मार्करनं शिकवलं. तो उस्ताद होता, खोटं कशाला बोलू. पहिल्याच दिवशी म्हणाला, "देखो मियाँ, साब कू पसीना आना, गुस्सा नक्को आना." मग त्यानं दाखवलं. बॉल साहेबाच्या उजव्या हाताला द्यायचा, कमरेइतका उंच, ना जोरात ना हळू. डाव्या बाजूला चुकूनही नाही, कारण कोणत्याच साहेबाला बॅकहँड येत नाही आणि ते त्याला स्वतःला कळू द्यायचं नाही. मधे एखाददोन गेम जिंकायचे, म्हणजे त्याला संशय येत नाही. शेवटी सहा-चारनं पडायचं. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी! वीस वर्षं मी टाळी वाजवली.

आणि काय एकेक नमुने पाहिले! एकजण दोन्ही गुडघ्यांना, मनगटाला आणि कपाळाला पट्टे बांधून यायचा. लांबून वाटायचं, दवाखान्यातून सुट्टी न घेताच आला. एकाचा बॉल रेघेच्या हातभर बाहेर पडला तरी आतच असायचा, कारण आत-बाहेर हे रेघेवर नाही, हुद्द्यावर ठरत होतं. तिसऱ्यानं मला तीन वर्षं लागोपाठ हरवलं आणि बदलीवर गेला. आता म्हणे तिकडे सांगत फिरतो, आदिलाबादच्या कोचला मी रोज धूळ चारायचो. सांगू दे बापडा. नाकानं कांदे सोलणाऱ्यांना कोण अडवणार?

हो, मधल्या काळात मी कोच झालो होतो. पदरचे पैसे घालून हैदराबादेत प्रशिक्षणाचा कोर्स केला, सर्टिफिकेट आणलं. क्लबानं मोठ्या मनानं पाटीवर 'कोच' रंगवून दिलं. पाणी मारायचा पाइप मात्र माझ्याच हातात ठेवला.

मग एका वर्षी कोणाच्या तरी डोक्यात आलं, शाळेच्या मुलांसाठी उन्हाळी शिबिर घ्यावं. घेतलं. मोठ्या साहेबानं रॅकेट उलटी धरून फोटो काढून घेतला, केळी वाटली, संपलं. दहा मुलं आली होती, नऊ गेली. एक पोरगी राहिली. तामसीकडच्या एका खेड्यातली, कापूस-ज्वारीवाल्या घरची. रोज बसनं आदिलाबादला शाळेत यायची. शाळा सुटली की चार वाजता कोर्टावर हजर. साडेपाचला साहेब लोक येईपर्यंत कोर्ट आमचं. नंतर तिची बस साडेसहाची, तोवर ती कुंपणाजवळ दप्तरावर बसून साहेबांचा खेळ पाहायची.

तिला शिकवताना मला जे वाटायचं ते सरळ सांगतो: मी जन्मात पहिल्यांदा माणूस झालो. तीन वर्षं एक दिवस चुकवला नाही. ताप असला तरी गेलो. घासून टकले झालेले बॉल, दोन जागी तार बदललेली रॅकेट, पण त्या पोरीचा हात असा वळायचा की पाहत राहावं. मी एकामागून एक बॉल द्यायचो, ती एकामागून एक परत करायची. शंभर बॉलांत एक चुकत नव्हता. मी रात्री बायकोला सांगायचो, आपल्या हातून एक काम तरी खरं होऊन राहिलं.

तिच्या बापाची अट होती. तो मला म्हणाला होता, "सर, दहावी आली. एक डाव हैदराबादेले घेऊन जा. राज्याच्या टीममंधी घेतलं तं पुढं खेळन, नाई तं रॅकेट बंद." रास्त बोलला. एवढीच एक संधी होती.

तिची आई, ती आणि मी असे तिघं बसनं हैदराबादला गेलो. निवड चाचणीत समोर आली एक मुलगी, जिच्या पिशवीत सहा रॅकेटी आणि जिच्या मागे छत्री धरून मम्मी. खेळ पाहिला आणि माझा जीव भांड्यात पडला. उजवा हात बरा होता, डावी बाजू पार मोडकी. बॅकहँड म्हणजे दारातली गाय हाकलावी तसा. मी मनात म्हटलं, झालं, आपली पोरगी हिला तासाभरात घरी पाठवते.

पहिला बॉल पोरीनं सुंदर मारला. त्या मुलीच्या उजव्या हाताला, कमरेइतका उंच. दुसराही तिथंच. तिसराही. आजूबाजूचे लोक "काय स्ट्रोक आहे, काय स्ट्रोक आहे" करत होते, आणि ती सहा रॅकेटीवाली आरामात उभी राहून ठोकत होती. पोरगी धावून धावून लाल झाली, प्रत्येक बॉल आणला आणि प्रत्येक बॉल तिच्या हातात नेऊन दिला. मी ओरडलो, "डाव्या बाजूले मार नं बै!" पंचानं मलाच दम भरला. सहा-दोन, सहा-एक.

माझ्या बाजूला हैदराबादचा एक म्हातारा कोच बसला होता. त्यानं चष्मा पुसत विचारलं, "किसी क्लब के मार्कर के पास सीखी क्या ये बच्ची?"

मी उठून नळावर गेलो आणि तोंडावर पाणी मारत राहिलो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

पण माणूस किती नालायक असतो पाहा. दुसऱ्या दिवशी परतताना राग काढला तो त्या पोरीवरच. बस इचोड्याला चहासाठी थांबली. तिची आई खिडकीशी झोपली होती. मी खाली उतरून पोरीला म्हटलं, "तिचा डावा हात मोडका होता, हे दिसलं नाही तुले?"

"दिसलं नं सर. पयल्याच गेममंधी दिसलं."

"मंग काऊन नाई मारलं तिकडं?"

मला खरंच कळत नाही का, असं तिच्या तोंडावर होतं. मग म्हणाली, "साहेबाची डावी बाजू तुमाले बी दिसते नं सर. तुमी कुठं मारता? मले वाटलं, ज्याले लय चांगलं खेळता येते, तो असाच खेळते."

माझा चहा तिथंच राहिला.

पुढच्या रविवारी तिच्या गावी गेलो. बापाला सांगायचं होतं की चूक माझी आहे, पोरीला आणखी एक वर्ष द्या. त्यानं अंगणात खुर्ची टाकली, चहा आणवला. राग नाही, काही नाही. उलट हात जोडून म्हणाला, "सर, निवड नाई झाली तं नाई झाली. पन तुमच्या हाताखाली पोट्टी लय सुधारली. पयले तोंडाले तोंड देत होती. आता कोनी काई म्हनो, उलटून बोलत नाई. आमाले अजून काय पाह्यजे?"

क्लबात लोकांनी मला शिव्या दिल्या आहेत, एका साहेबानं रॅकेट फेकून मारली आहे. पण त्या आभारांइतकं झोंबलेलं काही आठवत नाही. मी कप खाली ठेवला. म्हटलं, "भाऊ, एक वर्ष द्या. तोंडाले तोंड देनारी होती तशी वापस करून देतो."

तो हसला. मी हसत नाही हे पाहून थांबला. तेवढ्यात दारातून पोरगी म्हणाली, "सर, पयले तुमी तं साहेबाले हरवून दाखवा."

"गप व!" बाप खेकसला.

मी म्हटलं, "राहू द्या. बराबर बोलली."

सोमवारी संध्याकाळी आमचे सध्याचे मोठे साहेब आले. पोरगी बसची वाट पाहत कुंपणाशी होती. मी पहिला बॉल त्यांच्या डाव्या बाजूला मारला. साहेब हसले, त्यांना वाटलं चुकून गेला. दुसरा मारला. तिसऱ्याला ते धडपडले. नोकरी जाणार हे मला कळत होतं. घर आहे, बायको आहे, दुसरं कोणतं काम मला येत नाही. चार-शून्य झालं तेव्हा साहेब जाळीपाशी येऊन हळूच म्हणाले, "क्या बात है कोच साब, तबियत ठीक है?" मी म्हटलं, "जी साब, एकदम ठीक." सहा-शून्य. त्यांनी हात मिळवला नाही.

दुसऱ्या दिवशी चौकीदारानं मला फाटकातच थांबवलं. माझी रॅकेट आणि चपलांचा जोड बाहेर आणून दिला, आणि बिचारा माझ्याकडे बघेचना. वीस वर्षांचा हिशोब पाच मिनिटांत मिटला. मी फाटकाबाहेर उभा, तर चार वाजता पोरगी आली. हातात रॅकेट.

"बाबानं इचारलं, सरनं हरवलं का? मी म्हटलं, सहा-शून्य. तं म्हनले, जाय मंग, एक साल."

मी तिला सांगितलं की कोर्ट गेलं. मग आम्ही चालत तिच्या शाळेत गेलो. तिथं सिमेंटचं अंगण आहे, दोन खांबांना दोरी बांधली. मी बॉल दिला. तिनं तो माझ्या डाव्या बाजूला असा हाणला की मी पोचलोच नाही, गुडघ्यावर पडलो. वीस वर्षं क्लबाचं कोर्ट माझं म्हणून मिरवलो, पण डाव्या बाजूला मला कधी कोणी पळवलंच नव्हतं.