दुखवट्याचा सिनेमा

मंगळवारी माझी बायको गेली.

आयुष्य मुळात शोकांतिका आहे की विनोद, यावर आमचा लग्नापासून वाद होता. मी पुस्तकांतले दाखले देऊन शोकांतिकेच्या बाजूने बोलायचो. ती म्हणायची, शोकांतिका वाचताना तुम्ही दूध उतू घालवता, हा विनोद नाही तर काय?

दिवसकार्य झाल्यावर तिचा भाऊ दुखवटा काढायला राधानगरीहून आला. दुखवटा काढायचा म्हणजे घरच्या माणसाला बाहेर न्यायचं, जेवू घालायचं. तो त्याच्या बायकोला आणि दोन मावश्यांना जीपमध्ये घालून आला आणि जेवणाआधी मला सिनेमाला घेऊन गेला. जाहिरातीतला माणूस हसत होता, एवढंच पाहून त्याने तिकिटं काढली होती.

सिनेमात एकाच माणसाचं आयुष्य दोनदा दाखवलं होतं, मध्यंतरापर्यंत दुःखाने आणि नंतर गमतीने. त्याची बायको पहिल्या तासातच वारली. आमची सगळी रांग हुंदके देऊ लागली. मी कोरड्या डोळ्यांनी मावश्यांची पाठ थोपटत होतो. मागून आवाज आला, "पावणं, जरा हळू रडा की, आमाला ऐकू येईना झालंय."

मध्यंतरात पॉपकॉर्न आलं. दुखवट्यात ज्याचं माणूस गेलंय त्याने पहिला घास घ्यायचा, मग इतरांनी. मी एक दाणा तोंडात टाकला, तेव्हा चार हात पिशवीत गेले.

उत्तरार्धात तीच अंत्ययात्रा होती, पण या वेळी लोक चुकून दुसऱ्याच गाडीमागून चालत लग्नाच्या मांडवात शिरले आणि पंगतीला बसले. थिएटर हसून लोळत होतं. आमची रांग मात्र गप्प. पॉपकॉर्नचा नियम त्यांनी हसण्यालाही लावला होता. मेव्हण्याने टॉवेल तोंडात कोंबला होता. एका मावशीची खुर्ची हलत होती. चौघंही पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते.

मला हसू येत होतं. पण हसलो तर वाद ती जिंकणार, आणि आपण जिंकल्याचं बघायला ती शेजारी नाही, हे मला सोसत नव्हतं. मी ओठ दाबून बसलो.

मेव्हणा कानाशी आला. "दाजी, आदी तुमी हसा की. आमचं प्वाट दुखाय लागलंय."

त्याच्या ओठाला टॉवेलचा दोरा चिकटला होता. त्याकडे बघून मी हसलो. त्याबरोबर सगळी रांग फुटली. हसता हसता माझे डोळे वाहू लागले, ते मला बराच वेळ थांबवता आले नाहीत.

मागचा माणूस वैतागला. "मगाशी रडत हुतासा, आता हसालासा. एकदा काय ते ठरवा की."

ते अजून ठरलेलं नाही. वाद तेवढा राहिला आहे. दोन्ही बाजू आता मीच मांडतो आणि बहुतेक वेळा ती जिंकते.