धाकट्याचं दुसरं वर्ष

भूकंप झाला तेव्हा मी नववीत होतो, धाकटा पहिलीत. देवणीकडच्या आमच्या गावात भिंतींना तडे गेले तेवढेच. पण औसा-निलंग्याकडं गावंच्या गावं नव्यानं बांधायला निघाली आणि गवंड्यांना भाव आला. वडील गवंडीच. म्हणाले, "शाळा कुठं पळून चालली? काम पळून चाललंय. वरीसभर चल माझ्यासंगं."

मी गेलो. भिंत सरळ यावी म्हणून ओळंबा धरायला शिकलो, कोपऱ्यात सळ्या कशा गुंफायच्या ते शिकलो. हातात मजुरी पडायला लागली आणि डोकं फिरलं. त्या एका वर्षाची तीन वर्षं झाली. तोवर माझ्या बरोबरीची पोरं कॉलेजात गेली होती, आणि नववीच्या बाकावर परत बसायची मला लाज वाटली.

पुढं धाकट्याला दहावीत चांगले मार्क पडले आणि घरात ठरलं, लातूर. तिथली रीतच होती: पोरगं क्लासला, आई त्याच्यामागं खोली करून. आई स्टोव्ह, पेटी घेऊन गेली. घरी मी आणि वडील भाकरी थापायला लागलो, आणि त्या भाकरी आमच्या भिंतींइतक्या सरळ कधी झाल्या नाहीत. खोलीचं भाडं माझ्या मजुरीतून. माझं लग्नसुद्धा त्याच्या बारावीनंतर.

लातुरात एका क्लासची इमारत वर चढत होती, तिथं मला काम लागलं. दुपारी आईच्या खोलीवर जायचो. "हळू बोल, त्यो वाचायलाय," आई दारातच म्हणायची. तव्यावरची पहिली पोळी त्याला, मग मला. सांगायला लाज वाटते, पण मी त्या पोळीवर जळायचो.

बारावीचा निकाल लागला. मेडिकलला त्याचा नंबर लागला नाही. मला मनातून आनंद झाला. सुट्टीला गावी आलेली आई आता घरीच राहील. पण वडील म्हणाले, "रिपीट करू दे. अजून एक वरीस."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी शाळा एका वर्षासाठी म्हणून सुटली ती कायमची, आणि याचा नंबर हुकला तरी वर आणखी आख्खं वर्ष!

दुसऱ्या दिवशी धाकटा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. हातात माझी थापी. "दादा, मला न्हाई जायचं लातूरला. तुझ्यासंगं येतो कामाला. तुझं लई बरंय."

मी थापी हिसकावून घेतली. "माझं बरंय? उद्याच्या पहिल्या यष्टीनं लातूर गाठ, न्हाईतर घरात पाय ठेवू नको!"

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "भाऊ असावा तर असा."

तो डॉक्टर झाला. थोरल्यानं धाकट्याला शिकवलं, असं गाव अजून म्हणतं आणि मी मान डोलावतो. पण त्या दिवशी मला त्याची माया आली नव्हती. तोही गवंडी झाला असता, तर माझी सुटलेली शाळा फुकटच गेली असती.