झडतीबाई आणि न बनलेलं कपाट

झडतीबाई कुठलीही खुर्ची उलटी करून बघितल्याशिवाय तिच्यावर बसत नसत. ऑफिसात, हॉटेलात, एकदा तर एका सहकाऱ्याच्या साखरपुड्यात. मुलाकडची माणसं बघत राहिली आणि बाईंनी खुर्ची आडवी केली, बुडाखालचे स्क्रू चाचपले, मग म्हणाल्या, "चालेल, बसा सगळे." मरोळच्या आमच्या फर्निचर कंपनीत हे नाव त्यांना कुणी दिलं ठाऊक नाही, त्यांच्या कानावर मात्र ते होतं. "झडती घेणारीला कोण लाडकी म्हणणार गं?" एवढंच त्या म्हणत.

जाहिरात विभागात त्या खर्च तपासायच्या आणि मी कॅटलॉगचा मजकूर लिहायचे. विक्रोळीच्या आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. पप्पा युनियनची आणत, आई महिला मंडळाची. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. त्यामुळे मालक खोटं बोलतो हे गृहीत धरूनच नोकरीला लागले आणि बाईंचा संशयी स्वभाव बघून वाटलं, या आपल्यातल्याच. मग कँटीनचे दर वाढले म्हणून मी काढलेलं पत्रक त्यांच्या हाती लागलं.

"'तमाम कामगारांचा निर्धार' म्हणजे किती जणांचा गं?"

"म्हणजे... सगळ्यांचा."

"सगळ्यांना विचारलंस?"

"मॅडम, पत्रकात असंच लिहितात."

"कॅटलॉगमध्येपण असंच लिहितात."

त्या दिवशी मी डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर जाऊन बसले.

फोटो काढायला आम्ही गोरेगावात एक स्टुडिओ भाड्याने घ्यायचो. टेम्पोतून पलंग आणि सोफे जायचे. मग हमाल, दिवे, ओरखडे बुजवणारे सुतार, चादरीवर हवी तिथेच सुरकुती पाडणारी माणसं. एकदा तिथल्या कपाटाचं दार उघडून मी आत हात घातला, तर तो थेट मागच्या भिंतीला लागला. कपाटाला पाठच नव्हती. कॅमेऱ्याला दिसत नाही, मग लावायची कशाला?

"बघितलंस? फोटोपण खोटं बोलतो," बाई म्हणाल्या. "फक्त खोटं बोलायला त्याला टेम्पो करून इथवर यावं लागतं."

मग विभागप्रमुख साहेबांनी संगणकावर बनवलेली चित्रं आणली. पडद्यावर एक बेडरूम उजळली. लाकडाच्या रेषा, खिडकीतून आलेलं ऊन, सगळं खरं वाटावं असं. लोक "झकास!" म्हणाले. बाई पडद्याला नाक लावून उभ्या राहिल्या.

"पंखा कुठाय?"

"मॅडम, आपण पंखे विकत नाही."

"स्विचबोर्ड नाही. खिडकीला ग्रील नाही. घाटकोपरला अशा खोलीत माणूस घामाने मरेल आणि मांजर येऊन कपाटात पिल्लं घालेल." सगळे हसले, बाई नाही. "आणि हे कपाट आपल्या गोदामात मी कधी बघितलं नाही."

"कारण ते अजून बनलंच नाही!" साहेब खुशीत म्हणाले. "तीच तर मजा आहे. आधी ऑर्डर, मग माल."

फोटो आणि चित्र यांच्या खर्चाची तुलना साहेबांनी बाईंकडेच मागितली. बाईंची सही असली की मालक पुढे काही विचारत नसत. मला खात्री होती, बाई फोटोच्या बाजूने लिहिणार, स्टुडिओतल्या हमाल-सुतारांची कामं वाचवणार. बाईंनी लिहिलं, चित्र स्वस्त पडतं. कपाट एकदा संगणकात तयार झालं की रंग बदलायला रंगारी लागत नाही आणि खोली बदलायला टेम्पो लागत नाही.

"मॅडम, तुम्हीसुद्धा त्यांच्या बाजूने?"

"स्वस्त आहे ते स्वस्त आहे. तुला आवडत नाही म्हणून महाग लिहू?"

"आणि त्या माणसांचं काय?"

"त्यांच्यासाठी भांड. मी येते तुझ्याबरोबर. पण खोट्या आकड्यावर उभी राहून भांडू नकोस, पहिल्या धक्क्याला पडशील."

मात्र तुलना तिथे संपत नव्हती. खाली बाईंनी आणखी दोन गोष्टी लिहिल्या होत्या. चित्र बघून घेतलेला माल रंग किंवा माप जुळलं नाही म्हणून परत आला, तर ती ने-आण चित्राच्या खर्चात धरावी. आणि जी वस्तू तयार नाही, तिच्या चित्राखाली 'ही वस्तू अजून बनलेली नाही' असं स्पष्ट छापावं.

साहेबांनी दोन्ही गोष्टी खोडल्या आणि कागद घेऊन स्वतः बाईंच्या टेबलाशी आले.

"असं छापलं तर घेणार कोण? स्वस्त पडतं हे तुमचंच म्हणणं आहे ना? करा सही."

"माझं म्हणणं अर्धं नव्हतं."

"दोन ओळींसाठी नोकरी घालवणार, मॅडम?"

"मी कुठे घालवतेय? मी पेन घेऊन बसलेय. ओळी परत द्या, सही घ्या."

ओळी परत आल्या नाहीत. सही दुसऱ्या कुणाची तरी झाली आणि बाईंची बदली भिवंडीच्या गोदामात. त्यांनी राजीनामा दिला. लिफ्टपाशी मी म्हणाले, "तुमच्यावर पत्रक काढणार आहे."

"काढ. पण शूर-बिर लिहू नकोस. सही करायला मी दोनदा पेन उघडलं होतं. घरी लेक शिकतेय माझी. ते लिही."

लिफ्टचं दार बंद झालं. त्या मुलुंडला राहतात एवढंच मला ठाऊक होतं, घर कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्या कपाटाचं चित्र माझ्याकडे आलं. मजकूरही साहेबांनीच सुचवला होता: 'आमच्या कारागिरांनी हाताने घडवलेलं'. पिळवणूक, फसवणूक, धिक्कार असे घरातले सगळे शब्द माझ्या तोंडाशी आले. त्यातला एकही न वापरता मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, कपाट बघायचंय."

"स्क्रीनवर आहे की."

"दार उघडून दाखवा."

ते हसले. मी हसत नाही हे बघून थांबले. "वाट लागेल हं तुझी," ते हळूच म्हणाले.

"लागू दे, सर. आधी दार उघडा."