चीनला जाण्याआधी खाल्लेला मासा

माझ्या नवऱ्याच्या तोंडातून लाळ गळत होती. गिळता येत नव्हती म्हणून तो ती समोरच्या वाटीत सोडत होता, आणि तिसऱ्या वेळी लाळेत रक्त आलं. घशात माशाचा काटा अडकला होता. कॅनडात मिसिसागाला आमच्या शेजारच्या चिनी बाईच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघंच होतो, तो, ती आणि मी. बुधवारची दुपार. माझा मुलगा ग्वेल्फला कारखान्यात, तिची मुलगी आणि जावई ऑफिसात. तिघांपैकी कुणाला गाडी चालवता येत नव्हती. इंग्रजी तिघांचं मिळून एका माणसाचं झालं नसतं.

"अजून एक घास गिळ," मी म्हटलं. "काटा खाली जाईल."

तीन घास मी आधीच दिले होते. आमच्या वसईला काटा अडकला की सुक्या भाताचा गोळा न चावता गिळायचा, नाहीतर केळं. लहानपणापासून मी तेच बघितलं. शेजारीण मला ढकलून पुढे आली. तिच्या हातात काळ्या व्हिनेगरची बाटली होती. त्यांच्याकडे व्हिनेगर पाजतात, काटा विरघळतो म्हणे.

"धिस," ती म्हणाली. "रायस नो गुड. धिस."

"आंबट पाजून काटा विरघळतो होय? मग आमच्या लोणच्यातल्या माशाला काटे कसे राहतात?" हे मी मराठीतच म्हटलं. तिला कळलं नाही. तिने एक पेला पाजला. नवऱ्याने तो अर्धा शर्टावर ओकला आणि गळा धरून खाली बसला. तेव्हा आम्ही दोघी भांडायच्या थांबलो.

आम्ही तिच्याकडे जेवायला का गेलो होतो ते सांगते. माझ्या मुलाची कंपनी त्याला सहा महिन्यांसाठी चीनच्या दक्षिणेकडच्या एका शहरात पाठवणार होती. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. तो म्हणाला, आई, तुम्ही दोघं पण या, तीन आठवडे राहा. ही २००९ सालची गोष्ट. मी चौथीपर्यंत शिकले, पुढे सगळा जन्म वाडीत, केळी आणि पानवेली बघण्यात गेला. कॅनडाला आले तीच मुलामुळे. चीन बघायला मिळेल असं कधी मनात आलं नव्हतं, पण बघायचं म्हटल्यावर मला राहवेना. मी शेजारणीला गाठलं. ती त्याच बाजूची होती, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तोवर आमची ओळख फावड्याने बर्फ शोव्हल करताना हात हलवण्यापुरती.

तिने मला शिकवायचं मनावर घेतलं. आठवड्यातून दोनदा आम्ही बसने चिनी ग्रोसरीच्या दुकानात जायचो आणि ती मला तिथे चीन दाखवायची. आधी आकडे. तिकडे बाजारात एका हाताने दहापर्यंत मोजतात. सहाला अंगठा आणि करंगळी बाहेर काढायची, आठला अंगठा आणि पहिलं बोट, पिस्तुलासारखं. दहाला दोन बोटांची फुली. भाषा येत नसली तरी भाजीवाल्याशी एवढ्यावर भागतं. पुढे मी स्वतः तिकडे गेले तेव्हा बघितलं, खरंच भागतं. मी घरी आल्यावर नवऱ्याला आठ दाखवले तर तो हात वर करून उभा राहिला.

मग तिने एका कागदावर पत्ता लिहायला शिकवलं, म्हणजे तिने लिहिला आणि मी बघत राहिले. तिकडे उतरल्यावर राहत्या घराचा पत्ता कुणाकडून तरी चिनी अक्षरांत लिहून घ्यायचा आणि अंगावर ठेवायचा, पिशवीत नाही. टॅक्सीवाल्याला इंग्रजी पत्ता दाखवून काही होत नाही. तिने स्वतः इकडे आल्यावर तेच केलं होतं, उलट्या बाजूने. तिच्या फ्रिजवर तिच्या घराचा पत्ता मोठ्या इंग्रजी अक्षरांत चिकटवलेला होता.

वॉशरूममध्ये कागद नसतो, खिशात ठेवायचा. बसायचं आपल्या गावच्यासारखं, उकिडवं. हे ऐकून मला बरं वाटलं, पण मुलाचं तोंड उतरलं. पाणी मागितलं की गरम येतं, आणि ते चांगलं असतं, थंड मागत बसू नये. चहा कुणी ओतला तर टेबलावर दोन बोटं टेकवायची, म्हणजे आभार. भाताच्या वाटीत जेवायच्या काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, तसं मेलेल्यांसाठी करतात. रस्ता ओलांडताना एकट्याने ओलांडायचा नाही, घोळका जमला की त्याच्या मधोमध चालायचं.

आणि वाटी चाटूनपुसून रिकामी केली तर आणखी वाढतात. हे मला काही केल्या पटेना.

"का?" मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं. "टाकायचं अन्न? आमच्याकडे ताटात टाकलं की मार बसतो."

"एम्प्टी, आय थिंक यू हंग्री," ती म्हणाली. "यू हंग्री, मी बॅड."

मला हे फार आवडलं. एकच रिकामी वाटी, आमच्याकडे ती चांगली आणि त्यांच्याकडे वाईट. मी तिला रोज असं काही ना काही विचारायचे. ती म्हणायची, "यू, व्हाय व्हाय व्हाय." आणि तिच्या मुलीला माझं नाव तिने तेच सांगितलं होतं.

चॉपस्टिकचा मात्र सगळ्यांना त्रास झाला. ती मला शेंगदाणे उचलायला बसवायची. माझे शेंगदाणे फ्रिजखाली जायचे आणि ती टाळ्या वाजवून म्हणायची, "बेबी! बेबी!" घरी मी नवऱ्याला बसवायचे. तो म्हणायचा, "या काड्यांनी पोट भरेपर्यंत विमान परत निघेल. मला हात दिलेत ते कशाला?"

"तिकडे बोटं घालायची नाहीत ताटात," मी म्हणायचे. "तोंडात बोटं घालायची नाहीत. तोंडातलं बाहेर काढायचं नाही. चार लोकांत लाज नको आणू."

हे शेजारणीने सांगितलं नव्हतं. हे माझ्या पदरचं. आम्ही हाताने जेवतो हेच मी तिला महिनाभर सांगितलं नव्हतं. ती घरी आली की मी काटे-चमचे काढून ठेवायचे.

मग तिने माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "वेन्सडे. यू, हजबंड. फिश." परीक्षाच होती ती.

मासा अख्खा होता, डोक्यासकट, वाफवलेला, वर आलं आणि कांद्याची पात. वास असा की नवरा खुश झाला. त्याने जन्मभर मासे खाल्ले, पण समुद्राचे. पापलेट, सुरमई, बोंबील. त्यांचा काटा कुठे असतो ते आमच्या बोटांना माहीत असतं. आपण घास तोंडात घालतो तोच मुळी काटा काढून. हा तळ्यातला मासा होता. त्याच्या मांसात बारीक, दोन फांद्या फुटलेले काटे, कुठेही. आणि बोटांच्या जागी दोन काड्या. काड्यांना काय कळणार?

शेजारीण मासा तोंडात घालायची, जरा वेळ तोंड हलवायची आणि ओठांतून एकेक काटा वाटीजवळ टेबलावर टाकायची. टेबलावर, ताटलीत नाही. मी बघितलं. मला वाटलं, म्हातारी झाली, घरात आहे, कोण बघतंय. मी नजर दुसरीकडे केली.

नवऱ्याने चौथा घास घेतला आणि तो थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि हात तोंडाकडे नेला. मी टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ मारली. त्याने हात खाली घेतला आणि घास गिळला.

त्याच्या पुढचं वर सांगितलंच. भात माझा, व्हिनेगर तिचं. तो खाली बसल्यावर तिने फोन घेतला आणि नाइन-वन-वन लावला. पलीकडची बाई काही विचारत होती आणि शेजारीण "फिश, फिश, ओल्ड मॅन" एवढंच ओरडत होती. मी पत्ता सांगायला लागले तर माझ्या तोंडून वसईचा पत्ता आला. खोटं नाही सांगत. तिने माझ्या हातात फोन दिला आणि फ्रिजवरच्या कागदावर बोट ठेवलं. मी एकेक अक्षर वाचलं. बाई म्हणाली, काही खायला-प्यायला देऊ नका. हे तिने आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण आधी आम्ही फोनच केला नव्हता.

अँब्युलन्समध्ये एकालाच घेतात. मी गेले. मुलगा ग्वेल्फहून तासाभरात पोचला, सेफ्टीचे बूट तसेच पायात.

"पपांना काय खायला दिलंत?" त्याने विचारलं.

"मासा."

"नंतर?"

"भात. न चावता. तीन गोळे."

डॉक्टरीण बाईंनी फोटो दाखवला. काटा घशातून खाली अन्ननळीत गेला होता आणि आडवा रुतला होता. भाताने ढकलून तिथे नेला. घशात असता तर चिमट्याने दोन मिनिटांत निघाला असता, असं त्या मुलाला म्हणाल्या आणि मुलाने मला मराठीत सांगितलं. आता भूल द्यावी लागणार. त्यात नवऱ्याच्या हृदयाला वर्षापूर्वी स्टेंट बसवलेला, रक्त पातळ करायची गोळी रोजची. नळीला भोक पडलं तर छातीत पू होतो, रक्त सुटलं तर थांबवायला कठीण. डॉक्टरीण बाई हे सगळं अगदी सरळ बोलल्या. मला तसं बोललेलं आवडतं.

मुलाने सही केली. नवऱ्याला बोलता येत नव्हतं म्हणून नर्सने पाटी आणि पेन दिलं होतं. त्याने लिहिलं, "लाथ कोणी मारली ते पण सांग त्यांना."

मुलाने वाचून माझ्याकडे बघितलं. "कसली लाथ?"

"मी मारली," मी म्हटलं. "तो काटा काढत होता. मी काढू दिला नाही."

नवऱ्याला आत नेलं. थोड्या वेळाने शेजारीण आली. दोन बस बदलून आली होती, हातात थर्मास. तिने मला गरम पाणी ओतून दिलं. मी दोन बोटं टेकवायला गेले तर टेबलच नव्हतं, खुर्चीच्या दांड्यावर टेकवली. मुलगा फोनवर होता. आम्ही दोघी बसलो.

मला विचारायचं होतं ते मी तेव्हा विचारलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. "तू काटे टेबलावर टाकत होतीस. का?"

तिने जीभ बाहेर काढून दाखवली आणि त्यावर बोट ठेवलं. "टंग फाइंड बोन. व्हेरी क्लेव्हर. देन आउट." तिने ओठांतून काटा टाकल्यासारखं केलं. "एव्हरीबडी. माय मदर, टीचर, बिग बॉस, एव्हरीबडी आउट."

"चारचौघांत?"

"यस! बोन इन्साइड, यू डाय."

मी तिला माझी बोटं दाखवली. अंगठा आणि दोन बोटं, मासा कसा दाबून बघतो ते. "आम्ही हाताने जेवतो. काटा इथेच सापडतो. तोंडात जातच नाही."

"हँड?" ती म्हणाली. "व्हाय यू नो टेल मी? माय होम, यू ईट हँड! आय डोन्ट केअर!"

"तू टेबलाचं का नाही सांगितलंस?"

"आय थिंक, एव्हरीबडी नो," ती म्हणाली, म्हणजे सगळ्यांना माहीतच असेल. मग तिने तोंड फिरवलं आणि डोळे पुसले. मी रडले नाही. मला रडायला येत नाही, त्यापेक्षा राग लवकर येतो, आणि त्या वेळी तो स्वतःचाच येत होता.

चीनला जाणाऱ्या कुणी विचारलं तर मी आकडे, पत्ता, कागद, गरम पाणी हे सगळं सांगते. पण सर्वांत आधी हे सांगते, की ज्या गोष्टी त्यांना रोजच्या आहेत त्या ते तुम्हाला कधीच सांगणार नाहीत. सांगायचं असतं हेच त्यांना माहीत नसतं. त्या तुम्ही बघायच्या, आणि बघून नजर फिरवायची नाही, विचारायचं. आणि तुमचं काय ते पण सांगायचं. मी महिनाभर तिला हजार प्रश्न विचारले आणि जो समोर टेबलावर पडला होता तो विचारला नाही.

दीड तासाने डॉक्टरीण बाई बाहेर आल्या. प्लास्टिकच्या छोट्या डबीत काटा होता, माझ्या करंगळीच्या नखाच्या दुप्पट, टोकाला दोन फांद्या. नळीला जखम झाली होती, पण आरपार नाही. रक्त थांबलं होतं. दुसऱ्या दिवशी ताप चढला तेव्हा मुलाचा चेहरा पांढरा पडला. चार दिवस नवऱ्याला तोंडाने काही दिलं नाही, सगळं सुईतून. पाचव्या दिवशी ताप गेला आणि त्याला पातळ पेज मिळाली, त्याने ती स्वतः चमच्याने घेतली.

नवरा वाचला. तेव्हा तो बहात्तर वर्षांचा होता.